संपणारा डाव

सांगली

चि. अश्विनीस,


तुझा प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळ देते. दिवसभर डोकं चालवून घरी आल्यावर रात्री पुन्हा डोकं चालवायला लावणारा खेळ मांडून बसणं हा वेडेपणा नाही. वहिनीला तो तसा वाटतो, कारण दमलेल्या माणसानं पडून राहावं असं तिचं मत आहे. शेतात राबून आलेल्या माणसाला ते मत लागू पडतं. तू मात्र शरीरानं दमत नाहीस. चाकणच्या त्या परचेसच्या खुर्चीत दहा तास बसून तुझं मन दमतं, आणि तेही कामाच्या ढिगानं कमी, कामाच्या तऱ्हेनं जास्त.

ती तऱ्हा मी तुझ्याच तोंडून ऐकली आहे. व्हेंडर माल वेळेवर देत नाही, ट्रक कुठेतरी अडकतो, लाइन थांबते आणि मीटिंगमध्ये नाव निघतं तुझं. निर्णय तुझे, पण त्यांचा शेवट कुठल्या तरी तिसऱ्याच्या हातात. शिवाय यातलं काहीच संपत नाही. आजचा माल आला तरी उद्याचा असतोच. ब्लूमा झाइगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली बर्लिनमध्ये एक निरीक्षण मांडलं होतं: पुरं झालेलं काम माणूस विसरतो, अर्धवट राहिलेलं काम मनात रेंगाळत राहतं. तुझ्या कामात पुरं होणं हा प्रकारच नाही. म्हणून दिवा मालवल्यावरही तो ट्रक तुझ्या डोक्यात अडकलेलाच असतो.

आता वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे तू नुसती पडून राहिलीस तर काय होतं, तेही तूच सांगितलंस. हात फोनकडे जातो, एक वाजेपर्यंत रील्स चालू राहतात, आणि त्यातलं सकाळी काही आठवत नाही. डोळे गुंतलेले असतात, मन मोकळंच असतं, आणि मोकळं मन पुन्हा त्या ट्रकपाशी जाऊन उभं राहतं. अशा मनाला ‘काही विचार करू नकोस’ असं बजावून उपयोग होत नाही. त्याला दुसरा विचार द्यावा लागतो. तो ट्रकाच्या विचाराइतकाच जड हवा, म्हणजे त्याची जागा घेईल. पण त्याला काठ हवेत. नियम ठरलेले, पट समोर मांडलेला, केलेल्या खेळीचं फळ डोळ्यांसमोर, आणि लवकर किंवा उशिरा, पण ठाम शेवट. डावपेचाच्या खेळात नेमकं हेच मिळतं. म्हणून मी तुला हे खेळ करमणूक म्हणून सुचवत नाही, गरज म्हणून सुचवते आहे.

कामाच्या ताणातून माणूस सावरतो कसा, याचा अभ्यास झालेला आहे. झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या दोघींनी २००७ साली सावरण्याचे चार अनुभव वेगळे काढून दाखवले. कामापासून मन सुटणं, अंग आणि मन सैल होणं, काहीतरी नवं जमू लागणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. पडून राहिल्यानं फार तर यातला दुसरा अनुभव मिळतो. पटावर बसल्यानं पहिला, तिसरा आणि चौथा मिळतो. हे वहिनीला जरूर सांग. तिला कारण पटलं की ती ऐकते.

तुझ्या समीरनं आणलेल्या कॅटानच्या खोक्याबद्दल तू लिहिलंयस. तो खेळ रचणाऱ्या माणसाची गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. क्लाउस टॉयबर हा जर्मनीत डार्मश्टाटजवळ दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवणारा तंत्रज्ञ. या कामात त्याचं मन रमत नव्हतं. संध्याकाळी तो घराच्या तळघरात उतरायचा आणि खेळ रचायचा. रचलेला खेळ बायकोमुलांबरोबर खेळून बघायचा, बिघडला की पुन्हा दुरुस्त करायचा. कॅटान १९९५ साली बाजारात आला आणि त्याच वर्षी जर्मनीतला ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. पुढे तो जगभर पसरला, टॉयबरनं कवळ्यांचं काम सोडलं, २०२३ साली तो वारला. त्याच्या यशापेक्षा मला त्याचं तळघर महत्त्वाचं वाटतं. ज्या खेळावर आज लाखो घरांतली माणसं संध्याकाळी सैलावतात, तो एका कंटाळलेल्या माणसानं स्वतःच्या संध्याकाळी सावरण्यासाठी रचला होता.

खेळ आत कसा चालतो ते बघ, म्हणजे तो तुला का भावेल ते कळेल. षटकोनी एकोणीस तुकड्यांचं बेट. प्रत्येक तुकड्यावर लाकूड, विटा, लोकर, धान्य किंवा खनिज पिकतं, फक्त वाळवंट तेवढं ओसाड. तुकड्यांवर आकडे असतात. दोन फाशांची बेरीज ज्या आकड्याची येईल, त्या आकड्याचे तुकडे पीक देतात. दोन फाशांच्या ३६ शक्यतांमध्ये सहा आणि आठ प्रत्येकी पाच वेळा येतात, दोन आणि बारा प्रत्येकी एकदाच. म्हणजे वस्ती कुठे वसवायची हा पहिलाच निर्णय हिशेबाचा. पण सगळा हिशेब फाशांच्या स्वाधीन नाही, कारण कुणालाच सगळं मिळत नाही आणि मग सौदे सुरू होतात. ‘मला एक वीट दे, मी दोन लोकर देते.’ हे बोलणं तुझ्या रोजच्या धंद्यातलंच आहे. फरक इतकाच की इथे समोरच्यानं नकार दिला तरी कुणाची लाइन थांबत नाही, आणि दहा गुण कुणी गाठले की सगळेच उठून जेवायला बसतात. तुझं जे कौशल्य दिवसभर तुला छळतं, तेच इथे तुला सुखानं वापरता येईल. खरेदी-विक्रीतलं तुझं चातुर्य मी लहानपणापासून पाहिलंय. त्याचा तुलाच वीट यावा, याचं मला फार वाईट वाटतं.

आता निवडीबद्दल. इथे माझं मत पक्कं आहे आणि ते कुणाच्या यादीत सापडणार नाही. खेळात नशीब किती असावं, हे आपण कशानं दमतो त्यावर ठरवावं. समीर भूलतज्ज्ञ आहे. टेबलावर झोपलेल्या माणसाचा श्वास सर्वस्वी त्याच्या जबाबदारीवर चालतो, चूक झाली तर ‘फासे वाईट पडले’ असं त्याला म्हणता येत नाही. अशा माणसानं संध्याकाळी फाशांचा खेळ खेळावा. हरला तर फाशांना नावं ठेवता येतात, जिंकला तर थोडं श्रेय फाशांना देता येतं. जबाबदारी वाटून घेणारं कुणीतरी असणं हीच त्याची विश्रांती. तुझं उलटं आहे. दिवसभर तू दुसऱ्यांच्या फाशांवर जगतेस आणि बोलणी मात्र तू खातेस. तुला असा खेळ हवा ज्यात नशिबाला जागाच नाही, हरलीस तरी तुझ्या खेळीनं आणि जिंकलीस तरी तुझ्याच खेळीनं. म्हणजे बुद्धिबळ. कॅटान शनिवारी मांडा. त्याला निदान तिघं लागतात, तेव्हा शेजारच्यांना बोलवा, मी आले तर मीही बसेन. आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी मात्र माझं सांगणं बुद्धिबळाचंच आहे.

पण बुद्धिबळही घड्याळाशिवायचं. फोनवर एक मिनिटाचे, तीन मिनिटांचे डाव खेळणारी मुलं तुझ्या ऑफिसमध्येही असतील. तरुण, ताज्या माणसाला ते शोभतं. दमलेल्या माणसाला मात्र तो दुसरा ताणच. छाती धडधडते, हात थरथरतो, आणि हरलं की राग काढायला लगेच दुसरा डाव सुरू. तुला हवा आहे तो पूर्वीचा, पोस्टानं खेळला जाणारा डाव. तुझे आजोबा कारवारच्या एका मित्राशी कार्डावर खेळत. एक खेळी लिहायची, टपालात टाकायची, उत्तर येईपर्यंत पट तसाच कपाटावर मांडलेला ठेवायचा. डाव कधीकधी वर्ष ओलांडे. आज हीच सोय लिचेस या संकेतस्थळावर आहे. ते फुकट आहे, त्यावर जाहिराती नाहीत, आणि एका खेळीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत वेळ ठरवता येतो. तिथे आणखी एक सोय आहे, ती पहिल्याच दिवशी करून घे: खेळाडूंचं रेटिंग लपवायचं. तो आकडा डोळ्यांसमोर आला की खेळाचं पुन्हा अप्रेझल होतं. वर्षातून एक अप्रेझल तुला पुरे आहे.

ओळखीच्याच माणसांशी खेळ, हेही सांगून ठेवते. अनोळखी माणसाशी हरलं की फक्त हरणं उरतं. ओळखीच्या माणसाशी हरलं की त्यावर चार वाक्यं बोलता येतात, आणि ती चार वाक्यं बऱ्याचदा डावापेक्षा गोड असतात.

संगणकावरच्या खेळांबद्दलही तू विचारलंस. तुझ्या धाकट्या दिराकडे सिव्हिलायझेशन आहे म्हणे. खेळ अप्रतिम आहे. सिड मायर यांनी १९९१ साली तो काढला, आणि ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये एका वस्तीपासून सुरुवात करून शेवटी अंतराळापर्यंत पोचायचं ही त्याची झेप मला आजही थक्क करते. आपली पाळी आली की आपण खेळायचं, हवा तितका वेळ घ्यायचा, घाई करणारं कुणी नाही. त्या दृष्टीनं तो तुझ्यासाठी योग्यच. एज ऑफ एम्पायर्ससारख्या खेळात तसं नसतं. तिथे शेतं, सैनिक, लाकूडतोडे सगळं एकाच वेळी धावत असतं, आणि तुझा दिवस आधीच तसा धावलेला असतो. तरीही सिव्हिलायझेशन मी तुला फक्त सुट्टीच्या दिवशी खेळायला सांगेन. कारण त्याची रचनाच अशी आहे की एक काम पुरं होण्याआधी तीन नवी सुरू झालेली असतात. दोन पाळ्यांत भिंत पुरी होणार, चार पाळ्यांत नवी विद्या हाती येणार, तोवर सीमेवर शेजारी जमा झालेला. त्याचे जुने खेळाडू ‘फक्त आणखी एक पाळी’ म्हणत पहाट करतात. झाइगार्निकबाईंनी पाहिलेलं तेच अर्धवटपण इथे गोडीनं राबवलेलं आहे. ज्या गोष्टीपासून तू सुटू बघतेस तीच रात्रभर जागवणार असेल, तर तो उपाय झाला नाही.

त्याच कारणानं फोनवरचे ते फुकटचे किल्ले बांधायचे खेळ नकोत. ‘तुमचा बुरूज तयार झाला’, ‘तुमच्यावर हल्ला झाला’ असे निरोप जेवताना येतात. वरवर तो डावपेचाचा खेळ दिसतो, पण खरं तर ती दुसरी नोकरीच. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून बंदच केले. कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. पैसा आला की हरण्यातला निवांतपणा जातो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुझ्या पत्रात ती ओळींच्या मधे दिसते. ‘घरात सगळे कामात असताना मी पट मांडून बसले तर कसंसंच वाटतं,’ असं तू लिहिलंस. समीर क्रिकेटची मॅच बघत बसला की त्याला असं काही वाटत नाही. तुला वाटतं. हे तुझं एकटीचं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा त्यातला वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. तुझी खंत त्या दोनशे मिनिटांच्या फरकातून येते. बाईचा वेळ आधीपासूनच दुसऱ्याच्या नावावर लिहिलेला, म्हणून तो स्वतःसाठी घेतला की चोरी केल्यासारखं वाटतं. गंमत बघ, फोनवर तास घालवलास तर कुणी काही म्हणत नाही, कारण ते काम असू शकतं असं धरून चालतात. पट मांडला की मात्र ‘खेळतेय’ हे सगळ्यांना दिसतं. मी म्हणते, दिसू दे.

आमच्या पिढीनं हे जवळून पाहिलंय. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा सुरू झाली आणि पहिली वासंती खाडिलकर जिंकल्या. पुढची कितीतरी वर्षं ते अजिंक्यपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींच्याच घरात राहिलं. १९८१ साली रोहिणीताई आशियाई विजेत्या झाल्या. त्या बातम्या पेपरात यायच्या तेव्हा आमच्या सांगलीत, जिथे बुद्धिबळाचं वेड आधीपासूनच होतं, मुलींना ‘तुला काय कळतंय त्यात’ म्हणणाऱ्यांचा आवाज थोडा खाली आला. आता तर २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. त्यांच्यासारखी हो असं मी तुला सांगत नाही. त्यांच्यासाठी पट म्हणजे घाम आणि कष्ट, विश्रांती नव्हे. मी एवढंच सांगते की पटापुढे बसलेली बाई हे दृश्य महाराष्ट्रानं केव्हाच पाहिलंय. तुझ्या घरानंही पाहायला हरकत नाही. तुझी मुलगी तर ते नक्कीच बघेल, आणि आईचा वेळ आईचाही असतो हे ती त्यातून शिकेल.

म्हणून वेळ चोरून खेळू नकोस. ठरवून, सांगून खेळ. जेवणं झाल्यावर ओटा समीर आवरेल असं ठरलेलं असेल, तर तू त्या वेळी उठून मदतीला जाऊ नकोस. भांड्यांच्या आवाजाकडे कान लावून बसलेल्या माणसाचं मन डावात शिरत नाही. आणि झोपण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पट मिट. मन लागलं की डोकं तापलेलं असतं, ते निवायला वेळ लागतो. खेळी सुचत नसली तर अडून बसू नकोस, सकाळी चहाबरोबर आपोआप सुचते. टपालाच्या तऱ्हेच्या डावात ही मुभा आहे, म्हणून तर मी त्याच्या बाजूची आहे.

ज्या दिवशी तुमच्या दोघांत धुसफूस झाली असेल त्या दिवशी समोरासमोर बसू नका. अशा दिवसांसाठी दोघांनी एकाच बाजूनं खेळायचे खेळ असतात. २००८ साली निघालेला पॅन्डेमिक तसाच: चार रोग जगभर पसरत असतात आणि सगळे खेळाडू मिळून ते आवरतात, नाहीतर मिळून हरतात. त्यात तू बोलायला सुरुवात केलीस की तोही बोलेल, कारण न बोलता तो खेळ पुढेच जात नाही.

हरण्याबद्दल थोडं. सुरुवातीला तू खूप हरशील. परचेसमध्ये प्रत्येक चुकीला किंमत मोजायची सवय लागलेल्या माणसाला ते जड जातं. पण फुकटात चुकता येईल अशी जागा तुझ्या आयुष्यात सध्या दुसरी कुठलीही उरलेली नाही. वजीर गेला तर गेला. कुठे गेला, का गेला ते एकदा परत मांडून बघ, मोहरे डब्यात टाक आणि ऊठ. त्याच रात्री बदला घ्यायला बसू नकोस. बदल्याचा डाव थकवतो, हे नेहमीच खरं ठरतं.

वहिनीला व्यसनाची भीती आहे, तीही अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिजिटल खेळांच्या विकाराची नोंद आपल्या रोगांच्या यादीत केली आहे, २०२२ पासून ती लागू आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, इतर सगळ्यापुढे खेळच येतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो विकार मानतात. तुझ्याबाबतीत मी एवढंच बघेन: खेळून उठल्यावर तू घरात परत येतेस की नाही. मुलीशी बोलावंसं वाटतंय, भूक लागतेय, झोप येतेय, तर सगळं ठीक. उठल्यावर चिडचिड होत असेल तर खेळ बदल किंवा महिनाभर बंद ठेव. आणि तो ट्रक पटावरही डोक्यातून हलत नसेल, आठवडेच्या आठवडे झोप उडालेली असेल, तर बुद्धिबळावर विसंबू नकोस, डॉक्टरांना भेट. हे समीरच्या आधी मी सांगितलं म्हणून रागावू नकोस.

वहिनीशी मी गुरुवारी फोनवर बोलते. तू तोवर लिचेसवर खातं उघड, मग मी आव्हान पाठवते. एका खेळीला तीन दिवस, रेटिंग नाही, पांढरे मोहरे तुझे. मार्चअखेरीच्या गडबडीत चौदा दिवसांची मुदत हवी असेल तर तसं कळव, नवा डाव लावू.

समीरला आशीर्वाद, छोटीला पापा.

तुझी,
आत्या